अकरा बारके भुंगे आणि सतरा नंबर

लग्नानंतरची पहिली नऊ वर्षं माझे सासरे माझ्याशी दोनच वाक्यं बोलले. दारात गेलो की "या", आणि उठलो की "निघालात?" मधल्या वेळात ते पेपर वाचायचे आणि मी समोर बसून त्याच पेपरची मागची बाजू वाचायचो. भांडण काही नव्हतं. मुलीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेही वाळूजच्या कारखान्यात गिअर तपासणाऱ्या, गंगापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या पोराशी, याचा त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. रागावलेला माणूस बोलतो तरी. पण त्यांना माझ्यात रसच नव्हता. ते प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, त्यांचा विषय कीटक, आणि मला पाय दोनच.

मग दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. मी बजाजनगरला घरी होतो, पंख्याखाली आडवा. स्क्रीनवर त्यांचं नाव बघून आधी उठून बसलो.

"तुमच्या कंपनीत ते माप घ्यायचं व्हर्नियर असतं, ते तुम्हाला वापरता येतं का?"

"सर, मी दिवसभर तेच करतो."

सगळं शहर त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. बाबा म्हणून बघितलं होतं एकदा, साखरपुड्यात. त्यांनी मागं वळून कोणाला हाक मारली ते बघितलं होतं.

"अचूक किती?"

"मिलिमीटरचा शंभरावा भाग."

मग म्हणाले, "उद्या सकाळी घेऊन या. जेवायलाच या."

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा आजारी आहेत का?"

सासऱ्यांचं घर औरंगपुऱ्यात, एका गल्लीत, खाली कपड्याचं दुकान आणि वर हे. गाडी लावायला जागा मिळायची तर रविवारी दुकानं उघडायच्या आत पोचावं लागतं. पोचलो. जेवणाच्या टेबलावर काचेच्या झाकणाच्या दोन लाकडी पेट्या होत्या आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा वास. सासूबाई म्हणाल्या, "लोकांच्या घरी डांबरगोळ्या साड्यांत असतात. आमच्याकडं मेलेल्या किड्यांत."

पेट्यांत टाचण्यांवर टोचलेले काळे-तांबूस भुंगे होते, चाळीसेक. प्रत्येकाच्या उजव्या पंखातून टाचणी, टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी, चिठ्ठीवर मुंगीच्या अक्षरात सापडल्याची जागा आणि तारीख. भुंगे म्हणजे आपल्याकडं शेणात असतात तसले नाहीत. यांच्या तोंडाला पुढं सांबरासारखी दोन शिंगं. इंग्रजीत त्यांना स्टॅग बीटल म्हणतात.

"शिंगं लई जबर आहेत," मी म्हणालो.

"जबडे," सर म्हणाले. "ती शिंगं नव्हेत. नर या जबड्यांनी दुसऱ्या नराला धरतो आणि फांदीवरून खाली टाकतो."

"आणि त्या जबड्यांनी खातात काय?"

"फारसं काही नाही. झाडाचा पाझरलेला रस. जबडे फक्त मारामारीसाठी."

मी गावाकडचे दोन-तीन पाहुणे आठवून मान डोलावली.

हे भुंगे आपल्याकडचे नाहीत. यांच्या अळ्या कुजलेल्या लाकडात वाढतात, आणि मराठवाड्यात लाकूड कुजायला पाऊस तर पाहिजे. सर नोकरीला नवे असताना दर पावसाळ्यात विद्यार्थ्यांची सहल घेऊन सह्याद्रीत जायचे आणि तिथून हे आणायचे. तेव्हा परवानगी कोणी विचारतही नसे. चाळीसातले बहुतेक नर मोठे, लांब जबड्यांचे, जबड्याच्या आत मधोमध एक मोठा दात. पण अकरा नर बारके होते. त्यांचे जबडे आखूड, आणि मोठ्या दाताऐवजी नुसती करवतीसारखी बारीक धार. या अकरांवरून सरांनी तरुणपणी एक शोधनिबंध लिहिला होता, की ही वेगळी जात आहे. आमच्या लग्नाच्या वेळी जात हा शब्द त्यांनी एकदाही तोंडातून काढला नव्हता, एवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. भुंग्यांच्या बाबतीत मात्र ते जन्मभर जात-जात करत होते.

निबंध छापून आला आणि कॉलेजात त्यावर व्याख्यान झालं. व्याख्यान संपल्यावर त्यांच्याच विभागातले एक सर उठले. हे खुलताबादचे, शेतकरी घरातले. ते म्हणाले, "सर, ही वेगळी जात नाय. ही उपाशी पोरं हायेत. आमच्या गावात लई बघितलीत मी." सगळं सभागृह हसलं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. निवृत्तीपर्यंत एकाच खोलीत बसले, मधे पुस्तकांचं कपाट सरकवून.

हे मला सासूबाईंनी स्वयंपाकघरात सांगितलं, भाकरी थापताना. सरांनी सांगितलं ते एवढंच, की पुण्याच्या एका संशोधक मुलीचा ईमेल आला आहे. ती या गटाचे सगळे भुंगे पुन्हा तपासते आहे. तिला प्रत्येक नराची मापं पाहिजेत.

मी व्हर्नियर काढलं आणि बसलो. मी आकडा बोलायचा, सरांनी वहीत लिहायचा. पूर्ण लांबी, डोक्याची रुंदी, उजवा जबडा, डावा जबडा. चौथ्या-पाचव्या भुंग्याला माझ्या लक्षात आलं की सरांचा आकडा ओळीवर बसत नाही. पेन थरथरत होतं. त्यांनी बघितलं मी बघितलेलं. म्हणाले, "वही तुमच्याकडं घ्या. तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर बरं आहे." माझं अक्षर बरं नाही. मला तेव्हा समजलं की व्हर्नियर काही अवघड वस्तू नव्हती, एखाद्या तासात त्यांनी शिकून घेतली असती. त्यांना यंत्र नको होतं, हात पाहिजे होता. तसं ते कधी बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

तीन रविवार मापं घेतली. चौथ्या रविवारी मी आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. खाली अंगाची लांबी, बाजूला जबड्याची. हे माझं रोजचं काम आहे. एका मशीनवर निघालेले गिअर मोजले की आकड्यांचा एकच ढीग पडतो. दोन ढीग पडले की समजायचं, दोन मशीनचा माल मिसळला. इथं सरळ दोन ढीग पडले, वर मोठ्यांचा, खाली बारक्यांचा, आणि मधे रिकामी जागा.

"सर, हा दोन मशीनचा माल आहे," मी म्हणालो.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, यांना चहा दे. आलं घालून." लग्नानंतर त्यांनी माझ्यासाठी सांगितलेला तो पहिला चहा. मी तो अगदी हळू प्यालो.

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या त्या मुलीशी व्हिडिओवर बोललो. माझा मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला, समोर सर इस्त्रीचा शर्ट घालून, मागं मी, आणि आत आहेत असं मला वाटत होतं त्या सासूबाई दाराला टेकून उभ्या. मुलगी तिशीची असेल, बोलायला नम्र. आलेख तिनं आधीच बघितला होता.

"मापं फार सुंदर घेतली आहेत," ती म्हणाली. मी खांदे सरळ केले. "पण सर, एक अडचण आहे. एकाच जातीतही असे दोन ढीग पडतात. अळीला लाकडात खायला भरपूर मिळालं की नर मोठा होतो आणि जबडा लांब. कमी मिळालं की नर लहान, आणि जबड्याची ठेवणच बदलते. दातसुद्धा वेगळे दिसतात. मधल्या आकाराचे फार थोडे निघतात."

"म्हणजे उपाशी," सासूबाई दारातून म्हणाल्या.

सरांनी मागं बघितलं नाही. "मग ठरवायचं कशावरून?"

"जबडा दाखवायचा असतो सर, तो कसाही होऊ शकतो. आतला अवयव खाण्यावरून एवढा बदलत नाही. दोन जाती असतील तर त्यात फरक दिसेल."

"आतला कोणता?" मी विचारलं.

"नराचं जननेंद्रिय," ती म्हणाली, जणू पत्ता सांगतेय.

फोन बंद झाल्यावर सरांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मग सर म्हणाले, "ही काल जन्मलेली मुलगी मला शिकवते." आणि लगेच, "बरोबर आहे तिचं. आमच्या वेळीही माहीत होतं हे. मी केलं नाही. भुंगे खराब होतील म्हणून."

"तोंडावरून जात ठरवली म्हणा की," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढचं सांगायला मला अजून थोडा संकोच वाटतो, पण सांगतो. पुढचे दीड महिने, दर रविवारी सकाळी, मी माझ्या सासऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून मेलेल्या भुंग्यांचं ते बाहेर काढत होतो. माझ्या आईला अजून हे सांगितलेलं नाही. तिला वाटतं सर मला इंग्रजी शिकवतात.

वाळलेला भुंगा कडक असतो, हात लावला तर पाय तुटतो. तो आधी गरम पाण्यात भिजत ठेवायचा. त्यासाठी सासूबाईंनी एक वाटी दिली आणि तिच्या तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. ती वाटी तिथून पुढं जेवणातून उठली. चातुर्मास चालू होता. त्या घरात कांदासुद्धा बंद होता, आणि गॅसवर भुंग्याचं पाणी तापत होतं. शिवणाची सुई गॅसवर लाल करून तिचं टोक वाकवलं, तेच आमचं हत्यार. भुंगा मऊ झाला की पोटाच्या शेवटच्या फटीतून सुई आत घालायची आणि आतला अवयव अलगद बाहेर आणायचा.

सर माझ्या खांद्यामागं उभे राहून सांगायचे. "घाई नको. ओढू नका. ओढलं की तुटतं. त्याला बाहेर यायला सांगा."

"कसं सांगू सर?"

"सुई हलवू नका. भुंगा हलवा."

पहिल्या रविवारी मी दोन भुंगे फोडले. आधीच तुटके, चिठ्ठी हरवलेले होते, सरावासाठीच दिलेले, तरी सरांचा चेहरा बघवेना. तिसरा जमला. ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढं, चिक्कीच्या रंगाचं काहीतरी सुईच्या टोकावर आलं. सरांनी भिंग लावून बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. नऊ वर्षांनी आमची जवळीक झाली ती अशी.

भिंगानं नीट दिसेना. म्हणून मी कंपनीतला छोटा मायक्रोस्कोप आणला, लॅपटॉपला जोडतात तो, गिअरच्या दाताला तडा आहे का बघायचा. साहेबांनी विचारलं, कशाला? मी म्हणालो, घरगुती काम आहे. खोटं काही नव्हतं त्यात. आता लॅपटॉपच्या पडद्यावर ते वीतभर दिसायला लागलं. एकदा शेजारच्या बाई हळदी-कुंकवाला बोलवायला आल्या आणि पडद्याकडं बघून म्हणाल्या, "किती छान. कशाची कळी आहे ही?"

"जंगलातली आहे," सासूबाई म्हणाल्या. "बसा ना."

दर वेळी मी आधी एका मोठ्या नराचं काढायचो, मग एका बारक्याचं, आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायचो. टोकाचा बाक, बाजूच्या दोन पट्ट्या, मागची पिशवी. मी रेघ न् रेघ ताडून बघायचो. ज्या माणसाला दोन मिलिमीटरच्या दातातला फरक सांगायचा पगार मिळतो त्याला फरक असता तर दिसला असता. पहिल्या बारक्यात फरक नव्हता. दुसऱ्यात नव्हता. पाचव्यापर्यंत सर म्हणत होते, "पुढचा बघू." आठव्यापासून ते माझ्यामागं उभं राहायचं थांबले, समोर खुर्चीत बसले. अकरावा झाला तेव्हा मी नुसता लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला.

त्यांनी बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. मग वहीचं पान उलटवून म्हणाले, "उपाशी पोरं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. सासूबाईंनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. अकरा भुंग्यांवर एका माणसाचं एवढं अडलेलं असू शकतं हे मला आधी खोटं वाटायचं, आणि नेमकं मीच ते सुईनं उपसून काढलं होतं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तू खोटं बोलायला पाहिजे होतंस." मी म्हणालो, "त्यांना समजलं असतं." ती म्हणाली, "हो, ते पण आहे."

पुढच्या रविवारी मी न बोलावता गेलो. पेट्या बंद होऊन कपाटावर गेल्या होत्या. मी म्हणालो, "सर, अजून मोठ्यांतले बरेच राहिलेत."

"कशाला? प्रश्न बारक्यांचा होता."

"आमच्याकडं असं चालत नाही. ज्या मालावर संशय आहे तेवढाच तपासला तर आम्हाला घरी पाठवतील. सगळाच तपासायचा."

ते हो म्हणाले नाहीत. पण सासूबाईंनी ठिपक्याची वाटी आणून टेबलावर आदळली आणि कामाला सुरुवात झाली. दोन रविवार मोठे नर तपासले, सगळे सारखे. सर पेपर वाचत बसायचे. मग वहीतला सतरा नंबर आला. चांगला दणकट भुंगा, पेटीतला सगळ्यांत देखणा, सरांनी तो मधोमध लावलेला. त्याचं काढलं, पडद्यावर घेतलं, आणि मला वाटलं माझ्या हातून वाकलं. टोक दुसऱ्याच बाजूला वळलेलं, आणि पट्ट्यांची रुंदी निम्मी. पुन्हा फिरवून बघितलं. शेजारी दुसऱ्याचं ठेवून बघितलं.

"सर, जरा येता का."

ते आले. पेपर हातातच होता. बघत राहिले आणि हळूहळू पेपर खाली गेला. मग त्यांनी भुंगा भिंगाखाली धरायला सांगितला आणि डोळ्यावर बोट दाखवलं. या भुंग्यांच्या डोळ्यावर आडवी एक कड येते, डोळा कापल्यासारखा. बाकीच्यांची कड गोल होती. याची पुढं टोकदार. भिंगातून सहज दिसत होतं. पेटीत मधोमध तीस वर्षांहून जास्त दिसत होतं.

"मी बारक्यांकडंच बघत बसलो," सर म्हणाले. "हा मोठा, म्हणजे नेहमीचाच, असं धरून चाललो."

"चिठ्ठी वाचा," मी म्हणालो. "सापडला कुठं?"

त्यांनीच वाचली. "घाटमाथा. दाट सदाहरित जंगल. पडलेल्या ओंडक्यावर."

"दाखवा बघू," सासूबाई पदराला हात पुसत आल्या. वाकून बघितलं. "हा? हा माझा आहे. जंगल कसलं? डाक बंगल्याच्या संडासात होता, दिव्याजवळ भिंतीवर. तुम्ही पोरं घेऊन जंगलात गेला होतात. मी टमरेलाखाली धरून ठेवला होता तुम्ही येईपर्यंत."

सर त्यांच्याकडं बघत राहिले. "मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, शोधनिबंधात संडास लिहिता येत नाही."

मी सुई खाली ठेवली. सर लाल होतील, आवाज चढवतील असं वाटलं. तसं काही झालं नाही. त्यांनी कोरी चिठ्ठी मागवली आणि मला सांगितलं, लिहा. जुनी चिठ्ठी फेकायची नसते, ती तशीच ठेवून तिच्याखाली नवी लावायची, हा नियम आहे. मी लिहिलं: विश्रामगृहाच्या संडासाची भिंत, दिव्याजवळ. पुढं पकडणाऱ्याचं नाव. सरांनी सासूबाईंचं नाव सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "माहेरचं आडनाव घाला." सर म्हणाले, तेव्हा लग्न झालेलं होतं. त्या म्हणाल्या, "भुंगा मी धरला होता." माहेरचं घातलं.

पुण्याची मुलगी स्वतः आली भुंगे न्यायला. सतरा नंबर तिनं भिंगाखाली तीनदा फिरवून बघितला. आम्हाला वाटलं आता नवी जात निघणार आणि सासूबाईंच्या नावानं लॅटिनमध्ये काहीतरी होणार. तसं नाही झालं. काही महिन्यांनी तिनं कळवलं की ही जात दक्षिणेत माहीत असलेलीच आहे, पण इतक्या उत्तरेला आजवर कोणाला मिळालेली नव्हती. म्हणजे नवीन काही नाही, पण महत्त्वाचं आहे. सासूबाई म्हणाल्या, "माझं सगळं असंच असतं."

सरांनी स्वतःहून एका पानाची टीप लिहिली, की आपली जुनी जात रद्द समजावी, ते एकाच जातीचे लहान नर होते. टाइप मी केली. पाठवायच्या आधी ते म्हणाले, "हे छापून येईल त्याच्या आत त्याला माझ्या तोंडून कळलं पाहिजे." तो कोण, हे विचारायची गरज नव्हती.

आम्ही एका रविवारी खुलताबादला गेलो. दौलताबादच्या घाटात सर पुटपुटत होते, बोलायचं वाक्य जमवत असावेत. ते दुसरे सर गावाबाहेर मळ्यात राहतात, सीताफळाची बाग आहे आणि थोडे अंजीर. फाटकात उभे होते, पांढरा पायजमा आणि वर स्वेटर. गाडीपासून पन्नास पावलं असतील. आमचे सर ती पन्नास पावलं चालले आणि थेट म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. ती एकच जात. तपासलं आम्ही."

"या, बसा आधी," ते म्हणाले. खाटेवर बसवलं, पाणी दिलं, ताटलीत अंजीर आणले. मग विचारलं, "कशावरून तपासलं?"

सरांनी सांगितलं. खुलताबादच्या सरांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्ही काढलं व्हय? वा."

"पण मला एक विचारायचंय," सर म्हणाले. "तेव्हा तुम्हाला कसं समजलं? न काढता?"

खुलताबादचे सर अंजीर चावत राहिले. मग म्हणाले, "मी ते भुंगे कधी बघितलेच नाय."

"काय?"

"तुम्ही पेटीला कुणाला हात लावू देत व्हता का? त्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या इंग्रजीवर हसला, पोरांसमोर. दुपारी मी तुमच्या भुंग्यावर हसलो. बास, एवढंच."

सरांचा चेहरा मी बाजूनं बघत होतो. अकरावा भुंगा बघताना झाला होता त्याहून वाईट झाला. "म्हणजे मी इतकी वर्षं एका अंदाजाशी भांडत होतो."

"भांडत कुठं व्हता? बोलतच नव्हता. भांडला असता तर त्याच आठवड्यात सांगितलं असतं."

"मी हसलो होतो तुमच्या इंग्रजीवर?"

"व्हय. स्पेसिमेनला मी काय म्हणालो ते तुम्ही स्टाफरूममधी दोनदा म्हणून दाखवलं."

सर आठवत राहिले. त्यांना आठवत नव्हतं, हे दिसत होतं, आणि आठवत नाही हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. शेवटी म्हणाले, "चुकलं ते."

"बरं. दोन चुका झाल्या तुमच्या आज. अंजीर घ्या."

मी बागेकडं बघायला लागलो, कारण दोघांच्या मधे बसून आणखी काय करावं समजेना. तेवढ्यात खुलताबादचे सर म्हणाले, मागं एक वाळकं झाड तोडलंय, बुडखा कुजलाय, त्यात पांढऱ्या अळ्या आहेत. गडी म्हणतो हुमणी, पिकाची मुळं खाणारी. बघायची का? आमचे सर उभेच राहिले.

मी कुदळीनं बुडखा फोडला. आतून अंगठ्याएवढी, वाकडी, दुधासारखी पांढरी अळी निघाली. माझ्या वडिलांनी बघितली असती तर पायाखाली घेतली असती. इथं दोन प्राध्यापक गुडघ्यावर बसले.

"इथं पाऊस किती, आणि स्टॅग बीटल येणार कुठून?" सर म्हणाले.

"बुडखा तर कुजलाय ना? मग येऊ शकतो," दुसरे म्हणाले.

"तुमचा पुन्हा अंदाज."

"मग तपासा की."

अळीवरून कसं तपासायचं, मी विचारलं. दोघांनी एकाच वेळी उत्तर दिलं, आणि मला वाटलं माझी गंमत चालली आहे. पण खरं आहे ते. अळी उलटी धरायची आणि तिच्या बुडाची फट बघायची. उभी असली तर स्टॅग बीटल. आडवी असली तर गेंडा भुंग्याच्या घराण्यातली. म्हटलं, तुमच्या शास्त्रात सगळं शेवटी तिथंच येतं. सर म्हणाले, "धरा नीट."

मी धरली. ती बोटाला चावायला बघत होती. भिंग आणलेलं नव्हतं, म्हणून दोघांनी आपापले चष्मे एकावर एक धरले आणि आळीपाळीनं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आडवी," सर म्हणाले.

"आडवीच हाय," दुसरे म्हणाले.

एकमत झाल्यावर दोघंही जरा हिरमुसले. मी अळी परत बुडख्यात ठेवली आणि वर भुसा ओढला. बुडख्याची दुसरी बाजू अजून फोडायची राहिली होती. दोघंही कुदळीकडं बघत होते, म्हणून मी ती पुन्हा उचलली.